सहकुटुंब सहपरिवार, कंपनीच्या खर्चानं

१६१५ सालच्या सुरुवातीला ईस्ट इंडिया कंपनीची चार जहाजं इंग्लंडहून सुरतेला निघायच्या तयारीत होती. ताफ्याचा प्रमुख होता विल्यम कीलिंग. हा कंपनीचा जुना, मुरलेला माणूस आणि ही त्याची पूर्वेकडची तिसरी सफर. (दुसऱ्या सफरीहून परतताना, १६०९ साली, त्याला हिंदी महासागरात जी बेटं दिसली त्यांना आजही कोकोस किंवा कीलिंग बेटं म्हणतात. त्याच सफरीत त्यानं जहाजावरच्या खलाशांकडून 'हॅम्लेट' करून घेतलं अशीही एक गोष्ट सांगतात, पण तिच्याबद्दल अभ्यासकांचे वाद आहेत.) या वेळी त्याला नुसतं जाऊन यायचं नव्हतं. पूर्वेकडच्या सगळ्या वखारींची घडी बसवायची आणि त्यासाठी तिकडेच मुक्काम ठोकायचा, असं काम होतं. आजच्या भाषेत, लाँग टर्म ऑनसाइट.

कीलिंगनं कंपनीकडे एकच मागणी लावून धरली: बायकोला बरोबर नेऊ द्या. तिचं नाव अ‍ॅन. संचालक मंडळात यावर बरीच चर्चा झाली आणि अखेर नकार आला. मग या दर्यावर्दी, हुशार, कंपनीच्या पूर्ण विश्वासातल्या माणसानं सरळ तिला चोरून जहाजावर चढवायचा घाट घातला. कंपनीला ते कळलं आणि अ‍ॅनला मागे राहावं लागलं.

पुढे काय झालं ते कंपनीच्या दृष्टीनं फारसं चांगलं नाही. कीलिंग गेला, कामही केलं, पण त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. परत येऊ द्या, परत येऊ द्या, असा त्यानं धोशा लावला आणि १६१७ साली तो इंग्लंडला परतलाही. म्हणजे बायकोचं भाडं आणि धान्य वाचवायला गेलेल्या कंपनीनं आपला पूर्वेकडचा सर्वात अनुभवी माणूस दोन-सव्वादोन वर्षांत गमावला. त्यानंतर कीलिंग फार जगला नाही. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी तो वाइट बेटावर वारला. तिथल्या कॅरिसब्रुकच्या चर्चमध्ये अ‍ॅननं त्याचं स्मारक लावलं. त्यावर जहाजाचं चित्र आहे. ज्या जहाजांवर तिला पाऊल ठेवू दिलं नाही, त्यांपैकीच एखादं तिच्या मनात असेल का, असा विचार मला ते चित्र पाहताना आला.

कंपनीच्या त्या नकारामागचं गणित समजून घेण्यासारखं आहे, कारण ते वेडगळ अजिबात नव्हतं. लंडनहून सुरतेच्या बंदराला, म्हणजे सुवाळीला पोचायला सहा-सात महिने लागत. प्रत्येक माणसामागे पिण्याचं पाणी, खारवलेलं मांस, बिस्किटं आणि झोपायची जागा लागे, आणि ती जागा मालाच्या जागेतून कापली जाई. दुसरी भीती पायंड्याची. सेनापतीला परवानगी दिली की कप्तान मागणार, कप्तानाला दिली की वखारीतला कारकून मागणार. तिसरी भीती सगळ्यात मोठी: संसार आला की स्वतःचा व्यापार आला. कंपनीच्या नोकरांचे पगार बेताचे असत आणि जो-तो पदरचे चार पैसे गुंतवून नीळ नाहीतर कापड लपवून न्यायला बघे. एकट्या पुरुषावर निदान नजर ठेवता येई. वखारीत सगळे एका छपराखाली राहत, एका टेबलावर जेवत आणि रात्री दरवाजा बंद होई. बायको आली की वेगळं घर आलं, आणि वेगळ्या घरात काय काय साठवलं जाईल हे कोण सांगणार?

गंमत म्हणजे याच ताफ्यातून राजा जेम्सचा वकील सर टॉमस रो जहांगिराच्या दरबाराकडे निघाला होता. निघण्याच्या थोडेच दिवस आधी त्यानं एलिनॉर नावाच्या तरुण विधवेशी गुपचूप लग्न केलं होतं. हा माणूस नावाला राजाचा वकील, पण त्याचा खर्च सगळा कंपनीचा. वर्षाला ६०० पौंड पगार ठरला, त्यातला निम्मा कंपनीच्याच भांडवलात अडकवून ठेवायचा. बरोबर पाद्री आणि वैद्य न्यायची सोय होती, त्यांचा खर्च कंपनी देणार होती. एलिनॉर मात्र मागेच राहिली. आत्मा आणि शरीर यांची काळजी खर्चात बसत होती, बायको बसत नव्हती.

रो चार वर्षं एकटा राहिला. ही गोष्ट लक्षात ठेवायची, कारण पुढच्या प्रकरणात तोच न्यायाधीश आहे.

ते प्रकरण नीट कळायला आपल्याला थोडं मागे, आग्र्याला जावं लागेल. रोच्याही आधी, १६०९ साली, कंपनीचा विल्यम हॉकिन्स जहांगिराच्या दरबारी पोचला होता. त्याला तुर्की येत असे. बादशहाला तो आवडला आणि त्यानं हॉकिन्सला चारशे घोड्यांची मनसब देऊन ठेवून घेतलं. दरबारात पोर्तुगीज जेसुइट पाद्री होते, त्यांना हा इंग्रज डोळ्यांत खुपत होता. ते जेवणातून विष घालतील अशी भीती होती. यावर जहांगिरानं उपाय सुचवला: लग्न कर, बायको घरात असली की स्वैपाकघर ताब्यात राहील. हॉकिन्सनं, ही बला टळावी म्हणून, मी फक्त ख्रिस्ती मुलगीच करीन असं सांगितलं. त्याला वाटलं, आग्र्यात कुठली ख्रिस्ती मुलगी मिळणार? बादशहानं लगेच शोधून काढली. मुबारक खान नावाचा एक आर्मेनियन ख्रिस्ती अकबराच्या पदरी होता. त्याची मुलगी मरियम. बाप वारलेला, हाताशी थोडे दागिने. लग्न झालं. हॉकिन्स स्वतःच लिहून ठेवतो की पुढे सगळं निर्धास्त झालं आणि मरियम कुठेही बरोबर यायला तयार होती.

म्हणजे कंपनीच्या हिंदुस्थानातल्या पहिल्या प्रतिनिधीला बायको मिळाली ती बादशहाच्या कृपेनं, आणि तिची जबाबदारी अशी होती की आजच्या कंपनीत ती सिक्युरिटी विभागाकडे गेली असती.

१६११च्या अखेरीस हॉकिन्सचं बस्तान उठलं. मरियमच्या माहेरची माणसं तिला इंग्लंडला जाऊ देईनात, तेव्हा त्यानं आपण गोव्याला राहायला जातो आहोत असं दाखवून जेसुइटांकडून तसा परवाना मिळवला आणि ऐनवेळी खंबायतेहून इंग्रजी जहाजं गाठली. घरापर्यंत तो पोचला नाही. परतीच्या प्रवासात वारला. इंग्लंडला उतरली ती मरियम, विधवा म्हणून, जवळ हिरे असलेली, भाषा परकी, गाव परकं. कंपनीशी तिचा हिशोब झाला. पुढे कसलाही दावा करणार नाही असं तिनं लिहून दिलं आणि कंपनीनं प्रेमाची खूण म्हणून २०० जेकोबस, म्हणजे सोन्याची नाणी, तिच्या हातावर ठेवली. मी फुल अँड फायनल सेटलमेंटची पत्रं पाहिली आहेत. त्यांतही प्रेमाचा उल्लेख असतो. १६१४ साली तिनं गॅब्रिएल टॉवरसन या कंपनीच्याच कप्तानाशी लग्न केलं.

आता १६१७. मार्टिन प्रिंगचा ताफा सुवाळीला लागला आणि त्यातून तीन बायका उतरल्या. एक मरियम, नवऱ्यासोबत माहेरच्या देशात परत आलेली. दुसरी तिच्या सोबतीला म्हणून आलेली मिसेस हडसन. तिसरी तिची मोलकरीण फ्रान्सिस वेब, जिनं मधल्या काळात रिचर्ड स्टील नावाच्या माणसाशी गुपचूप लग्न केलं होतं आणि जी गरोदर होती. सुरतेच्या वखारीत काय खळबळ उडाली असेल त्याची कल्पना करा. जिथे बायका नाहीत असं गृहीत धरून सगळी व्यवस्था लावलेली, तिथे तीन बायका, आणि थोड्याच दिवसांत एक तान्हं मूल.

हा रिचर्ड स्टील मला या सगळ्या गोष्टीतला सर्वात ओळखीचा माणूस वाटतो. त्याच्याकडे एक प्रोजेक्ट होतं. यमुनेचं पाणी यंत्रानं वर चढवायचं, शिशाच्या नळांतून आग्रा शहरात खेळवायचं आणि लोकांना विकायचं. त्यासाठी त्यानं लंडनमध्ये कंपनीला पटवलं होतं आणि कारागीर बरोबर आणले होते. पखालीनं पाणी भरणाऱ्या शहरात नळाचं पाणी विकत कोण घेणार, परवानगी कोण देणार, आणि चाललंच तर बादशहा ते स्वतःच का चालवणार नाही, असे प्रश्न रोला पडले. ते बरोबरच होते. स्टार्टअपची भाषणं करणारे लोक चारशे वर्षांपूर्वीही होते आणि त्यांना थंडपणे आकडे विचारणारेही होते.

पण पाण्याच्या नळांपेक्षा रोचा जास्त जीव गेला तो बायकांपायी. त्याची रोजनिशी छापलेली आहे, ती वाचताना त्याचा वैताग ओळीओळीत जाणवतो. टॉवरसनला वाटत होतं की बायकोचे नातेवाईक दरबारात वजनदार आहेत, त्यांच्या जोरावर आपलं नशीब उघडेल. रोला ठाऊक होतं की त्या नातेवाइकांची परिस्थिती बेताची आहे. टॉवरसननं परत जावं असं त्यानं परोपरीनं सांगून पाहिलं. स्टीलला तर तो बोलू शकत होता, कारण स्टील कंपनीचा नोकर होता: बायकोला परत पाठव, ती इथे राहिली तर तिचा खर्च कंपनीवर पडता कामा नये. नुकतं लग्न झालेली, इंग्लंडात ठेवलेली बायको आठवत हे सगळं तो लिहीत होता का? लिहिण्यात तसं कुठे दिसत नाही. पण स्वतः एक गोष्ट सोसली की दुसऱ्यालाही ती सोसायला लावावी, ही वृत्ती मी ऑफिसातल्या वरिष्ठांमध्ये इतकी पाहिली आहे की रोबद्दलही मला तीच शंका येते.

स्टीलनं ऐकलं नाही. आणि इथे एक अशी गोष्ट घडली जी कंपनीच्या गणितात कुठेच नव्हती. अब्दुर्रहीम खानखानान (होय, दोहे लिहिणारे तेच रहीम) यांची मुलगी शहजादा दानियालची विधवा होती. तिनं फ्रान्सिस स्टीलला भेटायला बोलावलं. झाकलेल्या गाडीतून ती जनान्यात गेली, बोलणं-बसणं झालं, भेटी मिळाल्या. हे वर्णन पुढे पर्चस या संकलकानं छापलं. टॉमस रो राजाचा वकील. त्यानं दरबारात उभं राहण्याची जागा, वाकण्याची पद्धत, नजराण्यांची किंमत, यांवर तीन वर्षं डोकेफोड केली होती. पडद्याआडच्या बायकांचा राज्यकारभारावर केवढा पगडा आहे हे त्याला पुरतं कळलं होतं, नूरजहानबद्दल तो वारंवार लिहितो. पण त्या पडद्यापलीकडे त्याला कधी जाता येणं शक्य नव्हतं. लंडनहून आलेली एक मोलकरीण मात्र आत जाऊन बसून आली. या भेटीचा कंपनीनं काही उपयोग करून घेतला नाही. तिच्या खर्चाची नोंद होत होती, तिच्या कामाची होण्याचं कारण नव्हतं.

१६१९ साली रो परत निघाला तेव्हा स्टील पती-पत्नीही इंग्लंडला परतले. नळ काही बसले नाहीत. टॉवरसनही गेला; मरियमला त्यानं हिंदुस्थानातच ठेवलं. नंतरच्या पत्रव्यवहारात ती आग्र्याच्या वखारीकडे पैशांसाठी तक्रार करताना दिसते. टॉवरसन तिच्याकडे परत आला नाही. तो मसाल्याच्या बेटांकडे गेला, अंबोयनाच्या वखारीचा प्रमुख झाला आणि १६२३ साली डचांनी त्याचं आणि त्याच्या माणसांचं शिर उडवलं. इंग्लंडच्या इतिहासात अंबोयना हे मोठं प्रकरण आहे, त्यावर पत्रकं निघाली, नाटक निघालं. मरियमचा त्यात उल्लेख नसतो. दोनदा कंपनीच्या माणसाशी लग्न करून, अर्धं जग फिरून ती जिथून निघाली त्याच गावात, विनापगार, अडकली.

इथे थोडं आजचं बोलतो, कारण मला हे सगळं वाचावंसं वाटलं ते त्यामुळे. आमच्या क्षेत्रात 'ऑनसाइट' हा शब्द लग्नाच्या बायोडेटात असतो. आणि त्याच्याबरोबर येतो 'डिपेंडंट' हा शब्द. अमुक महिन्यांपेक्षा जास्त काळासाठी पाठवलं तर जोडीदाराचं तिकीट मिळणार, कमी असेल तर नाही, अशा स्वरूपाचे नियम बहुतेक कंपन्यांत असतात. अमेरिकेत एच-वन-बीवर गेलेल्याच्या जोडीदाराला एच-फोर व्हिसा मिळतो. त्यावर २०१५ सालापर्यंत नोकरी करायला सरसकट मनाई होती. त्या वर्षी काहींना मुभा मिळाली, ज्यांच्या जोडीदाराचा ग्रीन कार्डाचा अर्ज ठरावीक टप्प्यापलीकडे गेला आहे त्यांना. माझ्याबरोबर इंजिनिअर झालेल्या, माझ्याहून चांगले मार्क असलेल्या मुली या व्हिसावर जाऊन स्वैपाकाचे व्हिडिओ करत होत्या. (स्वैपाकाचे व्हिडिओ वाईट नाहीत. पण त्यांनी मायक्रोप्रोसेसर शिकला होता.) तिकीट कंपनीनं काढलेलं असतं, विमानही चांगलं असतं, आणि तरी मरियमनं कंपनीला जे लिहून दिलं होतं, तसं काही तरी त्यांच्याकडूनही कोणी न विचारता लिहून घेतलेलं असतं. पूर्वी नेऊ देत नव्हते, आता नेऊ देतात, एवढ्यावर समाधान मानावं का हा प्रश्न मला पडला, आणि त्याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागलं नाही. कंपनीनं स्वखर्चानं बायका आणल्या त्याचा पहिला मोठा प्रयोग आपल्या मुंबईतच झाला.

१६६८ साली दुसऱ्या चार्ल्सनं मुंबई बेट वर्षाला दहा पौंड भाड्यानं कंपनीला देऊन टाकलं. बेटाबरोबर कंपनीच्या गळ्यात पडले बेटावरचे सैनिक. वखारीतल्या कारकुनांना चार वर्षांनी घरी पाठवता येतं. किल्ल्यातल्या सैनिकांनी तिथेच राहायला हवं होतं. ते राहतही होते, आणि बेटावरच्या पोर्तुगीज वळणाच्या कॅथलिक बायकांशी लग्नं लावत होते. मुलांचा बाप्तिस्मा कॅथलिक पाद्री करत. त्या काळच्या इंग्लंडला कॅथलिक म्हणजे शत्रू. उद्या पोर्तुगिजांशी भांडण झालं तर ही पोरं कोणाच्या बाजूनं बंदूक धरतील, असा प्रश्न लंडनच्या संचालकांना पडला. पन्नास वर्षांपूर्वी ज्या संचालक मंडळानं अ‍ॅन कीलिंगला उतरवलं होतं, त्याच मंडळानं आता इंग्लंडहून प्रॉटेस्टंट बायका जहाजात बसवून मुंबईला धाडायला सुरुवात केली. प्रवास कंपनीच्या खर्चानं. पोचल्यावर वर्षभराचं अन्न कंपनीचं आणि कपड्यांचा एक जोड. त्या वर्षात लग्न जमायचं.

या बायकांची दोन गटांत वर्गवारी होती. एक 'कुलीन स्त्रिया', दुसऱ्या 'इतर स्त्रिया'. प्रवासाला निघालेल्या माणसाचा ग्रेड पाहून हॉटेल ठरवण्याची पद्धत इतकी जुनी आहे.

त्या उतरल्या ती मुंबई आजच्या माणसाला ओळखू येणार नाही. भरतीच्या पाण्यानं तुटलेली सात बेटं, मधल्या खाजणात कुजणारी मासळी (नारळीच्या झाडांना तिचंच खत घालत), आणि पावसाळा. त्या काळात मुंबईला आलेल्या ओव्हिंग्टन या पाद्र्यानं नोंदवलेली म्हण अशी की इथे माणसाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं. इंग्रजांच्या तिथे जन्मलेल्या वीस मुलांत एकही धड बाळपणापलीकडे जगत नाही, असंही तो लिहितो. संचालकांनी बायका पाठवल्या होत्या त्या नेमक्या मुलांसाठी.

वर्ष संपलं तेव्हा सगळ्यांची लग्नं जमली नव्हती. जमली त्यांतल्या काहींचे नवरे वारले. वर्षाचं अन्न बंद, परतीच्या तिकिटाचे पैसे नाहीत, आणि बेटावर बायकांना करण्याजोगी नोकरी कुठली? मग काहींनी जे करावं लागलं ते केलं. यावर जेराल्ड ऑन्जियरच्या कारकिर्दीत सुरतेहून मुंबईला गेलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. यांच्या वागण्यानं राष्ट्राची, धर्माची आणि सरकारची बदनामी होते आहे. त्यांना समज द्या. सुधारल्या नाहीत तर बाहेर फिरणं बंद करून, नुसत्या पाव-पाण्यावर कोंडून ठेवा आणि मिळेल त्या जहाजानं इंग्लंडला परत पाठवा, असा त्याचा आशय. ऑन्जियरला आपण मुंबईचा शिल्पकार म्हणून शाळेत शिकतो आणि त्यानं शहर वसवलं यात खोटं काही नाही. न्यायालय काढलं, सगळ्या धर्माच्या व्यापाऱ्यांना बोलावलं, संरक्षण दिलं. पण या पत्रातली शिक्षा वाचताना एक गोष्ट नजरेतून सुटत नाही: परतीचं तिकीट होतं. ते शिक्षा म्हणून होतं. ज्या बाईला मुकाट्यानं परत जायचं होतं तिच्यासाठी नव्हतं.

हा प्रयोग कंपनीला महागात पडला. काही वर्षांनी मद्रासला तिनं स्वस्तातला मार्ग काढला. १६८७ सालच्या एप्रिलमध्ये संचालकांनी मद्रासच्या किल्ल्याला लिहिलं की सैनिकांनी तिथल्याच बायकांशी लग्नं करावीत, त्याला उत्तेजन द्या. अशा लग्नातून मूल झालं की बाप्तिस्म्याच्या दिवशी आईच्या हातात एक पगोडा, म्हणजे एक सोन्याचं नाणं ठेवा. जहाजाचं भाडं नाही, वर्षाचं अन्न नाही, कपड्यांचा जोड नाही. मुंबईत धर्म धोक्यात आला म्हणून इंग्लंडहून बायका आणणारी आणि मद्रासला इथल्याच बायकांना नाणं देणारी कंपनी एकच, मंडळही एकच. मधल्या वीस वर्षांत धर्म बदलला नव्हता. भाव कळला होता.

यानंतरची दीडशे वर्षं मी भरभर ओलांडतो. अधिकाऱ्यांच्या बायका येऊ लागल्या, पण त्या आपापल्या खर्चानं. साध्या शिपायांसाठी मात्र एक व्यवस्था रूढ झाली आणि ती फार क्रूर होती. ब्रिटिश पलटण परदेशी निघाली की शंभर माणसांमागे सहा बायकांना सरकारी खर्चानं बरोबर नेता येई; हिंदुस्थानसाठी हा आकडा बारा होता. कोण बारा हे कसं ठरवायचं? चिठ्ठ्या टाकून. निघायची वेळ जवळ आली की बायका जमत आणि टोपीतून कागदाचा तुकडा उचलत. त्यावर लिहिलेलं असे: 'जायचं' किंवा 'जायचं नाही'. 'जायचं नाही' आलेली बाई मुलांना घेऊन माघारी फिरे, नवरा पुढची दहा-दहा वर्षं हिंदुस्थानात. 'जायचं' आलेलीला अर्धा शिधा मिळे आणि बराकीच्या एका कोपऱ्यात, शंभर पुरुषांमध्ये, चादर टांगून केलेला आडोसा. नवरा तापानं गेला तर काही महिन्यांतच शिधा बंद. म्हणून या विधवा आठवडा-पंधरवड्यात दुसरं लग्न करत, आणि साहेबांच्या बायका त्यांना नावं ठेवत. मुंबईला उतरून घाट चढून पुण्याला-खडकीला गेलेल्या पलटणींमध्ये अशा किती बायका असतील. खडकीची जुनी दफनभूमी पाहिली की त्यांच्या वयांचे आकडे दिसतात.

एकोणिसाव्या शतकात हाच हिशोब आपल्या माणसांवर उलटा लावला गेला. गिरमिटिया मजुरांची जहाजं फिजीला, त्रिनिदादला, गयानाला जाऊ लागली तेव्हा नियम झाला: शंभर पुरुषांमागे चाळीस बायका हव्यातच. इथेही भाडं मालकाचं. चाळीस पुऱ्या झाल्या नाहीत तर जहाज सुटणार नाही, म्हणून भरती करणारे दलाल तीर्थक्षेत्रांत एकट्या सापडलेल्या, घरातून बाहेर पडलेल्या, विधवा झालेल्या बायका हेरत. डेपोत जहाजाची वाट पाहताना जोड्या जुळत, नोंदवल्या जात. यांतल्या कितीतरी बायका मुळात कोणाच्याही बायको म्हणून निघालेल्या नव्हत्या. आकडा पुरा करायला त्यांना कागदावर तसं व्हावं लागलं. मुंबई बंदरातूनही मॉरिशसला मजूर गेले, त्यात कोकणातली मराठी माणसं होती. त्यांचे वंशज तिथे आजही गणपती बसवतात.

आणि मग आपली मुंबई, गिरण्यांची. इथे कंपनीनं तिसराच मार्ग काढला: बायकोचा विषयच काढायचा नाही. रत्नागिरीहून बोटीनं, देशावरून रेल्वेनं पुरुष आले. भाडं त्यांचं त्यांनी भरलं. गिरणीनं दिलेला पगार एका माणसाच्या खाणावळीला आणि गावी पाठवायच्या चार रुपयांना पुरेल इतकाच, कारण गावी बायको शेत करत होती, म्हातारे सांभाळत होती, पोरं वाढवत होती, आणि त्या कामाचे पैसे गिरणीला द्यावे लागत नव्हते. इतिहासकार याला ग्रामीण नातं वगैरे म्हणतात. मला तो सरळ अनुदानाचा प्रकार वाटतो: रत्नागिरी जिल्ह्यातल्या बायकांनी परळ-लालबागच्या गिरण्यांना दिलेलं अनुदान. १९२१च्या जनगणनेत मुंबईत हजार पुरुषांमागे सव्वापाचशेच्या आसपास बायका होत्या. एका खोलीत पाळ्या लावून झोपणारे दहा-पंधरा गाववाले आणि त्यांना जेवू घालणारी एखादी खाणावळवाली. ती बहुधा विधवा, गावाहून स्वतःच्या हिमतीवर आलेली. या शहरात कोणाच्याही खर्चानं न आलेल्या बायकांमध्ये तिला मी फार वरची जागा देईन.

चाकरमानी गणपतीला, शिमग्याला गावी जाई. एरवी मनीऑर्डर. पोस्टानं ही सोय १८८० साली सुरू केली होती. फॉर्मच्या कडेला दोन ओळी मजकुरापुरती जागा असे, आणि ज्याला लिहिता येत नसे तो पोस्टाबाहेरच्या माणसाला पैसे देऊन त्या लिहवून घेई. गावी पोस्टमन पैसे मोजून देई आणि दोन ओळी वाचून दाखवी. अंगठा ती उमटवे.